नदीकाठच्या गावाचा नकाशा आपणही वाचूया



आज आम्ही पुण्याच्या मार्केट यार्डातून बोलतोय. आमच्या गटांच्या बायका इथे हळद, कडधान्यं, भाजी घेऊन येतात. काम उरकलं की चहा घेताना गावाकडचे विषय निघतात. मागच्या खेपेला नदीकाठच्या एका लहान शहरातल्या ताई म्हणाल्या, "आमच्या गावाचा आराखडा लागलाय म्हणे. आम्ही बसतो त्या बाजारतळावरूनच रस्ता दाखवलाय. आता आम्ही बसायचं कुठं?" चौकशी केली तेव्हा कळलं, हरकत घ्यायची मुदत संपून गेली होती. नोटीस निघाली होती, फळ्यावरही लागली होती. पण त्या फळ्यासमोर आपण बायका कधी उभ्या राहतो का? म्हणून आज हाच विषय घेतलाय.

आम्ही बसलोय ती जागाच बघा. एके काळी पुण्याचा घाऊक भुसार बाजार नाना पेठ, भवानी पेठेत भरायचा. तिथं गाड्यांची दाटी झाली, मग बाजार गुलटेकडीला हलवला. तेव्हा ही शहराची कड होती. आज चारी बाजूंनी शहर आहे आणि तीच दाटी इथंही आहे. कुणीतरी कागदावर घेतलेला निर्णय पुढच्या दोन पिढ्या भोगतात किंवा त्याचा उपभोग घेतात, तो असा.

हा कागद म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्रात १९६६ सालच्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रत्येक नगरपालिकेला तो करावा लागतो, आणि साधारण वीस वर्षांनी तो नव्यानं तपासायचा असतो. राहायची घरं कुठं, शेती कुठं राहणार, रस्ता किती रुंद, शाळा, दवाखाना, बाजार, बाग यांच्यासाठी कुठली जागा राखीव, हे सगळं त्या नकाशावर असतं. आपल्याला फारसं कुणी सांगत नाही ती गोष्ट पुढे आहे. आराखड्यात कशाकशाचा विचार व्हावा याची यादी याच कायद्यात दिली आहे. ऐतिहासिक आणि नैसर्गिक ठिकाणांचं जतन, पुराला आळा आणि नदीचं प्रदूषण रोखणं हे त्या यादीत आहे. म्हणजे घाट वाचवा, नदी वाचवा असं म्हणणाऱ्या बायका विकासाच्या आड येत नाहीत. कायद्यातलंच काम त्या आठवून देतात.

आता वाईला जाऊ. इथून जवळच स्वारगेट, तिथून एसटीनं वाई गाठता येते. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा डोंगर उतरून या गावात येते. गावाला गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड असे सात घाट आहेत. घाटाघाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो. वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे.

गणपती आळीच्या घाटावर महागणपतीचं देऊळ आहे, त्यालाच लोक ढोल्या गणपती म्हणतात. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते बांधलं. दर्शन झालं की देवळाच्या मागं जाऊन बघा. मागची भिंत सपाट नाही. माशासारखी, निमुळत्या टोकाची आहे. पुराचं पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. बांधणाऱ्यांनी नदीला अडवलं नाही, ती येणारच हे धरूनच बांधलं. घाटाच्या पायऱ्याही तशाच आहेत. पाणी चढलं की त्या बुडतात, उतरलं की पुन्हा धुणं, अंघोळ, पूजा सुरू. नदीला जागा ठेवून गाव वसवायचं, एवढं शहाणपण त्या दगडांत आहे.

आजच्या नकाशात हेच शहाणपण दोन रेघांनी दाखवतात. पाटबंधारे खातं नदीच्या दोन्ही काठांना निळी पूररेषा आणि लाल पूररेषा आखतं. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथपर्यंत पोचतं, तिथं निळी रेषा. शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी पाळून बांधता येतं. वाईच्या वर धोम धरण आहे, पण धरण आहे म्हणून पूर येणारच नाही असं धरून चालू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये याच कृष्णेनं खाली सांगलीत काय केलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री इथं पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. मार्केट यार्डापासून सातारा रस्त्याच्या पलीकडे अरण्येश्वरच्या वस्तीत भिंती पडल्या, माणसं गेली, दावणीची जनावरं वाहून गेली. ओढा एरवी एवढासा दिसतो, म्हणून त्याची जागा हळूहळू कमी होत गेली. पण पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

काही जणी म्हणतील, आमची जागाच निळ्या रेषेत आली तर? हे दुखणं खरं आहे. तिथं घर वाढवता येत नाही, जागेची किंमतही उतरते. पण म्हणून रेघ सरकवा अशी मागणी करू नये. पर्यायी जागा मागावी, जुन्या घरांच्या दुरुस्तीला मुभा मागावी. आणि वारसा जपायचा म्हणजे गाव आहे तसंच ठेवायचं असंही नाही. नदीच्या गावाला मैलापाणी शुद्ध करायला जागा हवी, नाहीतर गटारं घाटावरच येतात. यात्रेच्या गाड्या उभ्या करायला घाटापासून लांब तळ हवा. बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, आठवडी बाजाराला ओटे हवेत. या जागा आज नकाशात राखल्या नाहीत, तर पुढं मिळणं फार अवघड.

मग आपण काय करायचं? आराखडा तयार होतोय असं कानावर आलं की गटातल्या दोघी-तिघींनी नगरपालिकेत जाऊन नकाशा मागून बघायचा. प्रारूप आराखडा लोकांना बघण्यासाठीच ठेवलेला असतो. नोटिशीत हरकतींची मुदत छापलेली असते, ३० दिवस किंवा ६० दिवस. ती तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा. नकाशावर आपला घाट, बाजारतळ, ओढा, जुनी विहीर, वडाचं झाड बोटानं शोधा. जे दिसत नाही, त्याबद्दल लिहा.

हरकतीचा अर्ज साधा असतो. जागेचा सर्व्हे नंबर, तिथं आज काय आहे, नकाशात काय दाखवलंय, आपल्याला काय हवं आणि का. पूर कुठवर आला होता हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा, भिंतीवरची खूण असेल तर फोटो जोडा. प्रत्येकीची सही घ्या. अर्ज दिला की शिक्का मारलेली पोच घ्यायचीच. पुढं नियोजन समिती सुनावणी घेते. तिथं घोळक्यानं जा, पण बोलायला एकीला नेमा.

गाव ग्रामपंचायतीचं असेल तर ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हायला हवी, तिथं हा विषय मांडा. जैवविविधता कायद्याप्रमाणे गावची एक समिती असते आणि एक नोंदवही. नदीतले मासे, काठची झाडं, औषधी पाला यांची नोंद त्यात करता येते. हे ज्ञान सगळ्यात जास्त आपल्याकडेच असतं.

त्या बाजारतळावरच्या ताईंची मुदत गेली, पण त्यांनी निवेदन दिलंय. सोबत बाजारात बसणाऱ्या सगळ्या बायकांची यादी जोडलीय. काय होतं ते पुढच्या खेपेला सांगूच. तोवर तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गावाचा आराखडा कधी झाला आणि पुन्हा कधी होणार, एवढं विचारून वहीत लिहून ठेवा.