खिशात शून्य, तरी एलएलएम? आधी क्रम ठरवा!

माझी एक मैत्रीण यंदा एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर निफाडकडे, वडिलांची द्राक्षबाग. परवा कॉलेज रोडवर चहा घेताना म्हणाली, "एलएलएम करायचंय गं, पण घरी विषयच काढला नाहीये. पप्पा लगेच म्हणतील, बागेवर कर्ज काढू. सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर आहे."

तुमच्यापैकी कित्येकांची हीच गोष्ट असेल. बचत शून्य, इच्छा शंभर टक्के. म्हणून गेले काही दिवस मी पोर्टल, जीआर आणि बँकांचे नियम चाळत बसले. एक गोष्ट लक्षात आली. पैशांचे मार्ग आहेत, घोळ होतो तो क्रमात. आपण सुरुवातच कर्जापासून करतो. ते सगळ्यात शेवटी यायला हवं.

बाबासाहेबांचा क्रम

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला येऊन त्यांनी बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट ठेवून परतावं लागलं. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, कमी पडलं तेव्हा नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन आले.

आधी शिष्यवृत्ती, मग कमाई, शेवटी कर्ज. आपणही हाच क्रम धरू या. त्याच्याआधी फक्त एक पायरी वाढवायची.

पायरी पहिली : स्वस्त रस्ता शोधा

आधी स्वतःला विचारा, एलएलएम कशाला? शिकवायचं असेल तर एलएलएम आणि त्यावर नेट किंवा सेट लागतंच. पण न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आधी तीन वर्षांची वकिली हवी. अशा वेळी एलएलएमसाठी लाखोंचं कर्ज घेण्याची घाई कशाला?

करायचंच ठरलं तर दोन रस्ते आहेत. पहिला, नाशिकमध्येच पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात दोन वर्षांचं एलएलएम. फी हजारांत, शिवाय घरचा डबा. दुसरा, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात क्लॅट देऊन एक वर्षाचं एलएलएम. वर्ष वाचतं, पण फी लाखांत जाते आणि हॉस्टेल, मेस वेगळी. क्लॅटचा फॉर्मच खुल्या गटासाठी चार हजारांचा आहे, तेही धरून चाला.

एक सावधगिरी. "घरबसल्या ऑनलाइन एलएलएम" अशा जाहिरातींना भुलू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाने जून २०२५ मध्ये स्पष्ट बजावलंय की, त्यांच्या मंजुरीशिवाय चाललेले ऑनलाइन, दूरस्थ किंवा 'एक्झिक्युटिव्ह' एलएलएम मान्य नाहीत. पैसे जातील आणि प्राध्यापकी मिळणार नाही.

पायरी दुसरी : परत न करायचे पैसे

महाडीबीटीवर लॉग-इन करून तुमच्या प्रवर्गाच्या सगळ्या योजना वाचा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी 'स्वाधार' आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी तशीच 'स्वयम्' योजना आहे, आणि आदिवासी विकास आयुक्तालय तर आपल्या नाशिकमध्येच आहे. यूजीसीचीही एक राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. नियमित पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांना महिना १५ हजार, वर्षाचे दहा महिने.

यात मुलं पैशांपेक्षा कागदांत जास्त अडकतात. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं. निकाल लागायची वाट बघू नका, आत्ताच काढायला टाका.

आणि अटी वाचा. बाबासाहेबांनाही बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार करावा लागला होता. आज ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेतलीत तर शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं.

पायरी तिसरी : शिकता शिकता कमाई

सनद घ्यायलाच पैसे नाहीत, असं म्हणणाऱ्यांसाठी खूशखबर. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नोंदणीसाठी बार कौन्सिलला खुल्या गटाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त फी घेता येणार नाही. आधी हीच रक्कम हजारांत जायची. सनद घेऊन सीबीएससमोरच्या कोर्टात एखाद्या सीनियरकडे बसता येईल. सुरुवातीला हातात फार पडत नाही, हे खरंय. पण पेट्रोल आणि पुस्तकं सुटली तरी तेवढंच कर्ज कमी. फक्त लक्षात ठेवा, सनद चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही.

पायरी चौथी : आता कर्ज

तीन पायऱ्यांनंतर जो खड्डा उरेल, तेवढंच कर्ज घ्या. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमी योजनेखाली तारण लागत नाही. म्हणजे बाग गहाण पडत नाही! नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या नामांकित संस्थांना प्रवेश मिळाला, तर आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंत, व्याजात तीन टक्के सवलत मिळू शकते.

आता गणित बघा. समजा, १० टक्क्यांनी पाच लाख घेतले. कोर्सची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली तर तीन वर्षांत दीड लाख व्याज. म्हणजे साडेसहा लाख फेडायचे. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण ८,६०० रुपये. नव्या वकिलाला हे झेपेल का? हेच दोन लाखांवर भागवलं तर हप्ता साडेतीन हजारांच्या आत येतो. क्रमाचा फायदा तो हाच.

अजून एक. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात. घरी न सांगता हे जमत नाही, आणि लपवूही नये.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. तिने वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखले : फी, शिष्यवृत्ती, कमाई, कर्ज. कर्जाचा रकाना सगळ्यात शेवटी, आणि पेन्सिलने. रविवारी ती ते पान घेऊन पप्पांसमोर बसणार आहे. तुमच्या वहीचं मागचं पान कोरं असेल तर तुम्हीही आजच आखून टाका.