अलेक्झांड्रियाचं ग्रीको-रोमन संग्रहालय : पायाखालच्या शहराचा पत्ता

अलेक्झांड्रियात उतरणाऱ्या प्रवाशाच्या डोक्यात दोन नावं हमखास असतात : दीपस्तंभ आणि प्राचीन ग्रंथालय. दोन्ही आज अस्तित्वात नाहीत. इ.स.पू. 331मध्ये अलेक्झांडरनं वसवलेलं शहर आजच्या इमारतींच्या, ट्रामच्या रुळांच्या आणि बंदरातल्या पाण्याच्या खाली आहे. म्हणून इथली भटकंती समुद्रकाठच्या कायतबे किल्ल्यापासून नव्हे, ग्रीको-रोमन संग्रहालयापासून सुरू करावी.

एकोणिसाव्या शतकात कापसाच्या व्यापारानं हे शहर फुगलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, तेव्हा मुंबईसारखाच अलेक्झांड्रियातही पैशांचा पूर आला. नव्या इमारतींचे पाये खणताना जुनं शहर वर येऊ लागलं. ते शहरातच राहावं म्हणून 1892मध्ये हे संग्रहालय स्थापन झालं. जुझेप्पे बोत्ती हे इटालियन अभ्यासक त्याचे पहिले संचालक. देवळासारख्या दर्शनी खांबांची सध्याची वास्तू 1895ची. 2005मध्ये ती नूतनीकरणासाठी बंद झाली आणि पुन्हा उघडली ती थेट ऑक्टोबर 2023मध्ये.

आत गेल्यावर सेरापिससमोर थांबायला हवं. ग्रीक राज्यकर्ते आणि इजिप्शियन प्रजा यांना जोडणारा देव हवा, म्हणून अलेक्झांडरनंतर इथं राज्य करणाऱ्या टॉलेमी राजांनी त्याची उपासना रुजवली. मुळात तो इजिप्शियन देव ओसायरिस आणि पवित्र एपिस बैल यांचं एकत्रित रूप. चेहरा मात्र झ्यूससारखा दाढीवाला, आणि डोक्यावर पायलीसारखं धान्याचं माप. सुबत्ता देणारा देव, हे सांगायला तेवढं पुरे. राजकारणातून घडलेला हा देव पुढे रोमन साम्राज्यभर पुजला गेला. त्याच्या मंदिराच्या जागेवर बोत्तींना सापडलेला काळ्या पाषाणातला एपिस बैल इथंच आहे. शिंगांमध्ये सूर्यबिंब धरलेली ही भव्य मूर्ती सम्राट हेड्रियनच्या काळातली. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातून आलेलं, डोक्यावर जहाजाची नाळ धारण केलेल्या राणीचं मोझेकही चुकवू नये. त्यावर सोफिलॉस या कारागिराची सही आहे.

हे पाहून झालं की बाहेरच्या जागा बोलू लागतात. सेरापिसच्या मंदिराचा 391मध्ये विध्वंस झाला. तिथं आज अस्वानच्या तांबूस ग्रॅनाइटचा सुमारे 27 मीटर उंच स्तंभ उभा आहे. लोक त्याला पॉम्पीचा स्तंभ म्हणतात. प्रत्यक्षात तो सम्राट डायोक्लिशनच्या सन्मानार्थ उभारलेला. जवळच कोम अल-शुकाफाची भूमिगत दफनस्थळं आहेत. 1900मध्ये एक गाढव खड्ड्यात कोसळलं आणि त्यांचा शोध लागला, असं सांगतात. गोल जिना उतरताना मधली विहिरीसारखी पोकळी दिसते. तिच्यातून मृतदेह खाली सोडत. मृताच्या नातलगांना जेवायला बसता यावं म्हणून खडकात कोरलेली बैठकही आहे. आतल्या कबरीच्या दाराशी मृतांचा इजिप्शियन देव अनुबिस उभा आहे : तोंड कोल्ह्याचं, अंगावर रोमन सैनिकाचं चिलखत. सेरापिसला भेटून आलेल्याला हे विचित्र वाटत नाही.

किल्ला शेवटी. सुलतान कायतबेनं 1477मध्ये तो बांधायला घेतला, भूकंपांनी पाडलेल्या दीपस्तंभाच्या जागेवर. 1994पासून फ्रेंच पाणबुड्या संशोधकांनी किल्ल्यालगतच्या समुद्रतळाची पाहणी केली. तिथं पुतळे, स्फिंक्स आणि दीपस्तंभाचे असावेत असे प्रचंड दगड आढळले.

मराठी वाचकाला या शहराशी एक जुना धागा जोडता येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांचा उल्लेख आहे. भारतातला माल तांबड्या समुद्रातून नाईलपर्यंत आणि नाईलमधून अलेक्झांड्रियाच्या गोदामांत पोचे. उलट दिशेनं आलेल्या वस्तूही आपल्याकडे सापडल्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.

अलेक्झांड्रियासाठी दोन पूर्ण दिवस ठेवावेत आणि पहिली सकाळ संग्रहालयाला द्यावी. तिकडे जाणं जमेल तेव्हा जमेल. कोल्हापूरचा पोसायडन मात्र पुढच्या अंबाबाईच्या दर्शनाच्या फेरीतच पाहून घ्या.