प्रतिज्ञेतला देश, फडावरचं बालपण

दिवाळीच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या वरवंड परिसरात बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. शाळेत हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणणारी मुलं त्यांच्यासोबत कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, येतात.

• कोयता : नवरा-बायकोची जोडी. पहाटे दोघं उसाच्या फडात जातात. धाकट्याला कडेवर घेऊन थोरली मुलगी मागे राहते. तिची शाळा तिथंच सुटते.

• उचल : टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम. ती तोडणीतून फेडायची, म्हणून मध्येच परतणं अवघड.

• हक्क : शिक्षणहक्क कायद्यानं १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वयाच्या मुलांना वयानुरूप वर्गात प्रवेश, वर्षाच्या मध्यातही.

• वसतिगृह : ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा योजना, २०२१, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर.

कायद्यानं दार उघडलंय. थोरलीला तिथवर नेणारं माणूस प्रत्येक कोपीपर्यंत पोचायलाच हवं.