जखमेची मलमे : एकाने दुसऱ्याचे काम बिघडू नये

मधुमेहाच्या रोग्याच्या पायाची जखम चिघळली की तिच्यावर पिवळा-काळा मेलेला थर साचतो. तो निघाल्याशिवाय खाली नवे मांस भरत नाही. सर्जन तो कापून काढतात. जिथे कापणे जमत नाही तिथे एन्झाइमचे मलम देतात. आपल्या औषध दुकानदार बंधूंचा अनुभव असा की हे मलम एकटे क्वचितच जाते. गिऱ्हाइकाच्या घरी चांदीचे पांढरे क्रीम आणि आयोडीनची तपकिरी बाटली आधीच असते, आणि घरची मंडळी तिन्ही एकावर एक लावतात. घोटाळा इथे होतो.

एन्झाइम ही नाजूक चीज आहे. कोलॅजिनेज जंतूपासून मिळते आणि साधारण ६ ते ८ पीएचमध्येच नीट चालते. चांदी, पारा यांसारखे धातू, साबणासारखी द्रव्ये आणि आम्लयुक्त धावन यांनी ते मंदावते. आयोडीनही त्याला मानवत नाही. पपेन कच्च्या पपईच्या चिकाचे. त्याला चांदी, शिसे आणि पारा तर चालत नाहीतच, पण जखमेवर फेस आणणारे हायड्रोजन पेरॉक्साइडही त्याला निकामी करते. म्हणजे महागडी ट्यूब रोज लागते आणि जखम तशीच राहते. रोगी म्हणतो, औषधात दम नाही.

जखम धुण्यासाठी सलाइन दोन्हींना चालते. आधी चांदीचे क्रीम किंवा आयोडीन लावले असेल तर सलाइनने पुन्हा पुन्हा धुऊन मगच एन्झाइमचे मलम लावावे. जंतुसंसर्ग असेल तर कोलॅजिनेजच्या आधी अँटिबायोटिक पावडर टाकण्याची पद्धत आहे; कोणती, ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

पपेनबद्दल एक गोष्ट जपावी. अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ साली मंजुरी नसलेली पपेनची मलमे बंद करायला लावली. ॲलर्जीच्या गंभीर तक्रारी आल्या होत्या. रबराच्या चिकाची ॲलर्जी असणाऱ्यांना याचा धोका जास्त. मलम वनस्पतीचे की प्राण्याचे, असे आपल्यातले पुष्कळ जण विचारतात. पपेन वनस्पतीचे, हे खुशाल सांगावे. इतर घटक वेष्टणावर वाचूनच सांगावेत.

एकाच चिठ्ठीवर चांदीचे क्रीम आणि एन्झाइम दोन्ही आले तर आम्ही सुचवतो की दुकानदाराने स्वतः काही बदलू नये. डॉक्टरांना फोन करून विचारावे : दोन्ही एकाच वेळी लावायची, की एक संपल्यावर दुसरे? उत्तर ट्यूबच्या खोक्यावर मराठीत लिहून द्यावे.