साडेतीन सेंटिमीटरचा बिट

नगरमध्ये लगीनसराई संपली की अल्बम डिझायनरांची लगीनसराई सुरू होते. सावेडीत, दिल्ली दरवाजाच्या आत, तिकडे संगमनेर-श्रीरामपूरला, जिथं स्टुडिओ आहे तिथं रात्री उशिरापर्यंत फोटोशॉप उघडं असतं. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे हजारो फोटो आणि समोर 'कधी मिळेल अल्बम?' म्हणून विचारणारं घर. या मंडळींकडे आता फोर-के मॉनिटर आलेत आणि त्यांच्यासोबत एक तक्रारही आली आहे. चित्र एकदम स्वच्छ, पण माउस हाताच्या मागे राहतो. विंडो ओढली की तुटक तुटक सरकते. खोक्यावर तर ६० हर्ट्झ छापलेलं! 'मॉनिटर लॅग मारतोय' म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, 'भाऊ, रॅम वाढवा.' रॅम वाढते, विंडोज नव्यानं पडतं, पैसे जातात आणि माउस होता तिथंच.

रॅमवर पैसे घालण्याआधी माउसचा बाणच नीट बघावा. तो बाण बहुतेक वेळा फोटोशॉप काढत नाही आणि विंडोजही काढत नाही. चित्र मॉनिटरकडे निघताना अगदी शेवटच्या क्षणी ग्राफिक्सची चिप तो वरून चिकटवते. म्हणून फोटोशॉप एखाद्या जड फाइलवर अडकून बसलं तरी बाण मजेत फिरत राहतो. तेव्हा बाण गुळगुळीत आणि फक्त फोटो अडखळत असेल, तर संगणक खरोखर दमला आहे. तिथं रॅमची भाषा ठीक. पण रिकाम्या डेस्कटॉपवर बाणच तुटक चालत असेल, तर प्रश्न चित्र बनण्याचा नाही, चित्र पोचण्याचा आहे. मग सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जावं. तिथं बहुधा ३० हा आकडा बसलेला सापडतो. म्हणजे पडदा सेकंदाला तीसदाच नवा होतोय, दर वेळी ३३ मिलिसेकंदांनी. डोळा हे खपवून घेतो, कारण एलसीडी पडदा दोन चित्रांच्या मध्ये काळा होत नाही, जुनंच चित्र धरून ठेवतो. हाताला मात्र ते लगेच कळतं.

हा ३० आला कुठून? त्यासाठी एका वायरीतून काय वाहतं याचा हिशेब मांडायला हवा, आणि तो मांडताना मी तरी दर वेळी थक्क होतो.

फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. गुणाकार ८२,९४,४००. साध्या फुल एचडीच्या बरोबर चौपट. हे सगळे ठिपके सेकंदाला साठदा पाठवायचे म्हणजे ४९ कोटी ७६ लाख ठिपके, आणि प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा मिळून २४ बिट. पण वायरीतून जातात ते ठिपके एवढेच नसतात. टीव्हीच्या मापानं फोर-केचं चित्र पाठवलं जातं तेव्हा आडवे ४४०० आणि उभे २२५० ठिपके धरले जातात. सेकंदाला ५९ कोटी ४० लाख. म्हणजे जवळजवळ सोळा टक्के ठिपके असे, की जे कुठल्याच पडद्यावर, कुणालाच, कधीच दिसत नाहीत.

हे रिकामे ठिपके जुन्या डबा मॉनिटरचा वारसा आहेत. काचेच्या त्या नळीत इलेक्ट्रॉनांचा एक झोत डावीकडून उजवीकडे ओळ रंगवत जायचा, आणि ओळ संपली की परत डावीकडे यायला त्याला थोडा वेळ लागायचा. खालच्या कोपऱ्यातून वर जायला आणखी जास्त. तेवढा वेळ वायरीनं गप्प राहायचं. श्रीलिपी आणि पेजमेकरवर लग्नपत्रिका जुळवणाऱ्यांनी आजचाच प्रश्न त्या नळीवरही भोगलेला आहे. १०२४ बाय ७६८ वर पडदा ८५ हर्ट्झला शांत दिसायचा. जास्त मजकूर मावावा म्हणून १२८० बाय १०२४ केलं की रिफ्रेश ६० वर घसरायचा आणि संध्याकाळपर्यंत डोकं दुखायचं. पहिल्या मापात झोताला सेकंदाला सुमारे ६८,७०० ओळी काढाव्या लागत. दुसऱ्या मापात ७५ हर्ट्झ हवे असतील तर ८०,०००. ज्या मॉनिटरची मजल ७० हजार ओळींची, तो ६० वर थांबणार. त्याला ६४ हजार ओळी पुरत. आता झोत राहिला नाही, नळी भंगारात गेली, तरी परतीच्या प्रवासाचा वेळ वायरीत तसाच राखून ठेवलेला आहे. त्यातल्या थोड्या जागेतून आता आवाज पाठवतात, हे एक बरं. संगणकाच्या मापांत ही रिकामी जागा छाटायची सोय २००३ मध्ये आली. तशी छाटली की फोर-केचे ५९ कोटी ४० लाख ठिपके ५३ कोटी ३२ लाखांवर येतात. या छाटणीचा उपयोग पुढे दिसेल.

आता वायरीच्या आत. एचडीएमआयमध्ये रंगांसाठी तारांच्या तीन जोड्या असतात. तारेत शून्य आणि एक यांचा तोल राहावा म्हणून रंगाच्या प्रत्येक ८ बिटांचे १० बिट करून पाठवतात. म्हणजे फोर-के ६० हर्ट्झला प्रत्येक जोडीतून सेकंदाला ५९४ कोटी बिट. विजेचा संदेश तांब्यातून प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगानं धावतो. भागाकार केला की निघतं, एक बिट तारेत सुमारे साडेतीन सेंटिमीटर जागा घेतो! बिट हा डोक्यातला, कागदावरचा हिशेब वाटतो. पण इथं त्याला फूटपट्टीनं मोजता येईल अशी लांबी आहे. पाच मीटरच्या वायरीत, कुठल्याही क्षणी, एका जोडीतून दीडशेच्या आसपास बिट एकामागोमाग वाटेत असतात. तीसच हर्ट्झ ठेवले की प्रत्येक बिट दुप्पट लांब होतो, आणि लांब बिट ओळखणं सोपं असतं. वायर जितकी लांब आणि स्वस्त, तितके तारेतले झपाट्यानं होणारे बदल विरत जातात. आखूड बिटांच्या कडा आधी पुसल्या जातात. म्हणून तीच वायर ३० ला ठणठणीत चालते आणि ६० ला चित्र मधूनच काळं पडतं किंवा पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात.

पण बहुतेक वेळा वायर फसण्याची वेळच येत नाही, कारण त्याआधी बोलणी झालेली असतात. मॉनिटरची पिन लावताक्षणी ग्राफिक्स कार्ड त्याला त्याची माहिती विचारतं, आणि मॉनिटर १२८ बाइटांत ती देतो: कंपनीची तीन अक्षरं, कुठल्या वर्षी कुठल्या आठवड्यात बनलो, पडदा किती सेंटिमीटर, कुठलं माप किती हर्ट्झला झेपेल. १२८ बाइट म्हणजे किती? आपली देवनागरी संगणकात अक्षरचिन्हाला तीन बाइट खाते, तेव्हा यात बेचाळीस चिन्हं मावतील. एक धड वाक्यही नाही. ही पत्रिका १९९४ सालच्या आराखड्याची आहे. तिच्यात ठिपक्यांच्या वेगाला दोन बाइटांचीच जागा ठेवलेली आहे, त्यामुळे तिथं सेकंदाला साडेपासष्ट कोटींहून मोठा आकडा लिहिताच येत नाही. फोर-के ६० त्यात बसतो. १४४ हर्ट्झवाल्यांना पुरवणी जोडावी लागते.

कार्ड मग आपलं बळ आणि मॉनिटरची पत्रिका यांचा मेळ घालून जमेल तेवढंच पाठवतं. तक्रार करत नाही, इशारा देत नाही. मला विचाराल तर सगळी गफलत या मुकेपणात आहे. 'तुमच्या पोर्टातून यापेक्षा जास्त जात नाही' एवढी एक ओळ पडद्यावर आली असती, तर कितीतरी रॅम वाचल्या असत्या.

अडतं कुठं, ते आकडेच सांगतात. एचडीएमआय १.४ ची मर्यादा सेकंदाला ३४ कोटी ठिपके. फोर-के ३० ला लागतात २९ कोटी ७० लाख, ६० ला ५९ कोटी ४० लाख. म्हणून जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय ३० वर अडतं, नवीन वायर लावा नाहीतर सोन्याच्या पिनची आणा. एचडीएमआय २.० ची मर्यादा ६० कोटी, म्हणजे ५९.४ कोटींचा फोर-के त्यातून अंग चोरून जातो. डिस्प्लेपोर्टातून एचडीएमआय काढणारे स्वस्त कन्व्हर्टर ३० कोटींपर्यंतच, त्यामुळे तेही नेमके ३० हर्ट्झलाच अडकतात. त्यांच्या जागी ॲक्टिव्ह म्हणून विकला जाणारा, फोर-के ६० लिहिलेला कन्व्हर्टर हवा. असेंबल केलेल्या पीसीत तर गंमतच असते. पंचवीस-तीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड आत बसलेलं, आणि मॉनिटरची वायर वरच्या, मदरबोर्डच्या पिनेत.

सगळ्यात फसवा आहे तो लॅपटॉपला लावायचा यूएसबी-सी हब. यूएसबी-सीच्या त्या इवल्या पिनेत वेगवान वाहतुकीचे चार मार्ग असतात. हबवर जलद यूएसबी असेल, तर दोन मार्ग कार्ड रीडर आणि हार्ड डिस्कसाठी जातात, चित्राला उरतात दोनच. जुन्या पद्धतीच्या हबमध्ये त्या दोन मार्गांतून सेकंदाला ८६४ कोटी बिट जातात. फोर-के ३० ला पुरतात, ६० ला नाहीत. नव्या पद्धतीत, लॅपटॉप आणि हब दोघांनाही ती येत असेल तर, १२९६ कोटी. रिकामी जागा छाटलेल्या फोर-के ६० ला लागतात १२८० कोटी. बसलं! न छाटलेल्याला लागले असते १४२६ कोटी, आणि मग पुन्हा ३०. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्या न दिसणाऱ्या ठिपक्यांना कात्री लावली, म्हणून आज एका हबवर कार्ड रीडरही चालतो आणि माउसही गुळगुळीत चालतो.

टीव्ही मॉनिटर म्हणून वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. एक, टीव्हीच्या मेनूमध्ये प्रत्येक एचडीएमआय पिनेसाठी पूर्ण क्षमता चालू करायचं बटण असतं आणि ते पुष्कळदा बंद असतं. दुसरी जास्त मजेदार. कधी कधी जुन्या पिनेतूनही फोर-के ६० मिळतं, पण लग्नपत्रिकेतली लाल बारीक अक्षरं फिसकटलेली दिसतात. तिथं डोळ्याशी लबाडी झालेली असते. माणसाला उजेडातला फरक बारीक दिसतो, रंगातला ढोबळ. म्हणून चार ठिपक्यांना मिळून एकच रंग पाठवायचा, उजेड मात्र प्रत्येकाचा वेगळा. बिट निम्मे झाले. सिनेमा बघताना कुणाच्या बापाला कळत नाही. अक्षरं जुळवणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी किंवा ४:४:४ निवडता आलं तर निवडावं. येत नसेल, तर पिनच अपुरी आहे.

यापुढचं पाऊल म्हणजे पाठवण्याआधी सगळं चित्रच आवळणं, आणि ते समजून घ्यायला नगरच्या माणसाला लांब जायला नको. शहराजवळ अरणगावला मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं, ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत. कित्येक वर्षं ते इंग्रजी अक्षरांच्या फलकावर बोट फिरवत आणि समोरचा एकेक अक्षर जुळवून बोलून दाखवी. ऑक्टोबर १९५४ मध्ये त्यांनी फलकही बाजूला ठेवला आणि नुसत्या हातांच्या खुणांवर आले. एरच जेसावाला त्या खुणा वाचून इतरांना सांगत. अक्षरं गेली, मजकूर पोचत राहिला, कारण खूण करणारा आणि वाचणारा दोघंही तयार होते. डिस्प्लेपोर्ट १.४ आणि एचडीएमआय २.१ मधलं कॉम्प्रेशन याच अटीवर चालतं. चित्राचे बिट जवळजवळ एक तृतीयांशावर येतात, फोर-केला १४४ हर्ट्झ मिळतात. पण कार्डाला आवळता येऊन भागत नाही, मॉनिटरलाही उलगडता यायला हवं. एका बाजूला येत नसेल तर पुन्हा सगळं अक्षर अक्षर, आणि डिस्प्लेपोर्ट १.४ वर मग यादीत १४४ बहुधा दिसतच नाहीत.

पोर्ट बदलला, हब बदलला, यादीत ६० आले. त्याच्याच शेजारी ५९ पण दिसतात. ते खरे ५९.९४. १९५३ मध्ये अमेरिकेनं रंगीत टीव्ही आणताना रंग आणि आवाज एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून साठाला हजारातल्या एका भागाएवढी कात्री लावली, तिचं हे शेपूट. साठ तरी कुठून आले? तिथली घरातली वीज सेकंदाला साठदा हेलकावते म्हणून. आपली हेलकावते पन्नासदा. म्हणजे नगरच्या स्टुडिओत भिंतीतली वीज ५० च्या तालावर आणि टेबलावरचा मॉनिटर अमेरिकेच्या तालावर, आणि दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नाही.

अडतं ते फक्त लग्नाचा व्हिडिओ एडिट करताना. आपल्याकडे मंगल कार्यालयातले दिवे ५० च्या विजेवर, म्हणून कॅमेऱ्यात काळे पट्टे येऊ नयेत यासाठी शूटिंग सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमनं करतात. २५ फ्रेम ६० हर्ट्झच्या पडद्यावर नीट वाटल्या जात नाहीत. कुठली फ्रेम दोनदा दिसते, कुठली तीनदा. वरात संथ सरकत असताना ती मधूनच हिसका खाते आणि डिझायनर फाइलमध्ये दोष शोधत बसतो. एवढी खटपट करून ६० मिळवले असले तरी व्हिडिओ तपासताना त्या यादीतून ५० निवडून बघावेत. बऱ्याच मॉनिटरांत ते असतात, आणि मग प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा येते.