फेट्याबरोबर चेहराही निळा का होतो?

लग्नसराईत फोटो स्टुडिओवाल्याकडे एक मागणी हमखास येते : "दादा, फेटा भगवा आलाय, तो निळा करून द्या. एका क्लिकचं तर काम!" फेटा म्हणजे काय हे सॉफ्टवेअरला कळतं, असा यामागचा समज. पण रंगाचा स्लायडर फोटोशॉपमधला असो की जिंपमधला, त्याच्यापुढे असतात फक्त आकडे. प्रत्येक ठिपक्याचे तीन : लाल, हिरवा, निळा, नेहमीच्या ८ बिटच्या फोटोत प्रत्येकी ० ते २५५. त्यावरून छटा, म्हणजे 'ह्यू', ठरते आणि ती ३६० अंशांच्या वर्तुळावर मांडतात. लाल ० अंशावर, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. भगवा पडतो ३०च्या आसपास. गंमत अशी, की माणसाची कातडी गोरी असो की सावळी, तिची छटाही बहुधा तिथेच जवळपास असते. फरक असतो मुख्यतः उजळपणाचा. त्यामुळे नुसता नारिंगी पट्टा निवडून स्लायडर सरकवला, की फेट्याबरोबर नवरदेवाचं तोंड आणि मागची लाकडी खुर्चीही निळी पडते.

म्हणून मास्क करावा लागतो : फेट्यापुरती निवड, बाकी सगळं झाकलेलं. हल्लीची वस्तू ओळखून निवड करणारी साधनं हे काम झपाट्याने करतात, पण तुऱ्याची झिरझिरीत कड आणि कानाजवळचे केस अजूनही हातानेच नीट करावे लागतात. एवढं करूनही फोटो खोटा वाटतो, तेव्हा कपाळाकडे बघावं. भगव्या कापडावरून परतलेला उजेड तिथे पडलेला असतो. फेटा निळा आणि कपाळावर भगवी झाक, हे डोळ्याला खटकतं. नेमकं काय खटकलं ते मात्र सांगता येत नाही.

पांढऱ्यावर कुठलाही रंग चढतो, हा असाच एक लाडका समज. पांढरा, काळा, करडा यांना छटाच नसते, म्हणून ह्यूचा स्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला तरी पांढरा सदरा ढिम्म हलत नाही. त्यावर रंगाचा वेगळा थर टाकून तो 'मल्टिप्लाय' करायचा. मग चुण्यांच्या सावल्या टिकतात. अर्थात त्या फोटोत असतील तर. फ्लॅशमुळे सदरा सपाट २५५ झाला असेल, तर रंग डब्यातून ओतल्यासारखा दिसणार. काळा कोट पांढरा करणं याहून अवघड, कारण काळ्यात कापडाचा तपशील फारच थोडा नोंदलेला असतो आणि उजळवला की रवाच वर येतो.

पिवळा शालू निळा करताना वेगळीच फजिती होते. उजळपणाला हात लावला नाही, तरी साडी काळवंडते. डोळ्याला सगळे रंग सारखे उजळ वाटत नाहीत. टीव्हीच्या जुन्या सूत्रात हिरव्याला ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला जेमतेम ११ टक्के वजन आहे. शुद्ध पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही असल्याने त्याचा उजळपणा ८९ भरतो. नुसता निळा उरला की ११. लेयर 'कलर' मोडवर ठेवला तर उजळपणा टिकतो, पण मग निळा फिकट, आकाशी होतो. गडद नेव्ही ब्लू हवा असेल तर कर्व्ह्जने मुद्दाम खाली आणावं लागतं. जरीचाही विचार हवा : लाल शालू सरसकट हिरव्यावर फिरवला, की सोनेरी जर मोरपंखी होते. जर वेगळी झाकायची, दुसरा इलाज नाही.

"नाही आवडलं तर परत पहिल्यासारखं करू" हेही खरं नाही. जेपीजी सेव्ह होताना माहिती गाळते, आणि सर्वांत आधी रंगाची. बहुतेक जेपीजींत चार ठिपक्यांमागे रंगाची एकच नोंद असते. शेजारच्या ठिपक्यांत मिसळलेला रंग मग कडेने सांडलेला दिसतो. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये १२ किंवा १४ बिट असतात, म्हणजे प्रत्येक नोंदीला ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या. रंगाची ओढाताण तीच सोसते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या प्रतीवर असलं काम करूच नये; डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

छपाईचं थोडक्यात. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, पत्रिका शाईने. राणी आणि पोपटी रंग स्क्रीनवर जितके झळाळतात तितके चार शायांत उतरत नाहीत. त्यात छापखान्याचा दोष नसतो.

आणि आजीच्या कृष्णधवल फोटोत एआय 'खरे' रंग परत आणतं, हा समज तर सोडूनच द्यावा. तो रंग नोंदलाच गेलेला नाही. लाल लुगडं आणि हिरवं लुगडं एकाच करड्या छटेत उतरू शकतं. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना तर लाल जवळजवळ दिसायचाच नाही, म्हणून कुंकू काळं यायचं. १९६०चा 'मुघल-ए-आझम' २००४ साली संपूर्ण रंगीत झाला, तेव्हा त्याच्या कृष्णधवल भागातले रंगही नंतर ठरवलेले होते. असा फोटो भिंतीवर खुशाल लावा. पुरावा म्हणून दाखवू नका.

जाता जाता एक. ऑनलाइन दुकानात एकच साडी आठ रंगांत दिसली, तर निऱ्या बघा. आठही फोटोंत निऱ्यांची प्रत्येक घडी जशीच्या तशी असेल, तर फोटो बहुधा एकच आहे आणि बाकीचे रंग सॉफ्टवेअरचे. पैसे भरण्याआधी हव्या त्या रंगाच्या साडीचा दिवसाउजेडी काढलेला व्हिडिओ मागा.