पावतीपुस्तकावर चालणारी चळवळ

10 डिसेंबर हा मानवी हक्क दिन. सरकारी शपथा होतात, शाळांत निबंध लिहून घेतले जातात. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केल्यापासून हक्कांचे काम करणाऱ्यांना मात्र एकच प्रश्न विचारला जातोय : तुम्हाला पैसा पुरवतं कोण?

‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’, म्हणजे पीयूसीएलपुरते याचे उत्तर अगदीच नीरस आहे. सभासद पुरवतात. देशी असो की परदेशी, कुठल्याही फंडिंग एजन्सीचा पैसा घ्यायचा नाही, हा या संघटनेचा नियम. ‘अॅम्नेस्टी इंटरनॅशनल’ या मानवी हक्क संघटनेची बँक खाती गोठवली गेली आणि 2020 मध्ये तिला भारतातले काम बंद करावे लागले. ज्याच्या खात्यात फारसे काही नसतेच, त्याचे गोठवणार काय?

फुकटच्या कामाची किंमतही मोजावी लागते. पगारी माणूस नाही, त्यामुळे कोणाला जाब विचारता येत नाही. इतिवृत्त कोणी लिहायचे यावरून बैठक संपते. नोकरदाराला रविवारच मोकळा, आणि घटना काही रविवार बघून घडत नाहीत. तरी शाळेत पोरांना मिळणारी खिचडी याच संघटनेच्या याचिकेची देणगी आहे. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोरड्या धान्याऐवजी शिजवलेले अन्न द्या, असा आदेश दिला, तो पीयूसीएलच्या अर्जावर. पोषण आहाराच्या फलकावर हे नाव कुठे दिसत नाही, हे सांगायला नकोच.

हे काम कसे करावे, याचा धडा घ्यायचा तर सासवडच्या विठ्ठल महादेव तारकुंडे यांच्याकडून घ्यावा. 1957 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. 1969 मध्ये आपणहून पद सोडले आणि दिल्लीत वकिली मांडली. आणीबाणीत जयप्रकाश नारायण यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी संघटना उभारली, तीच पुढे पीयूसीएल झाली; तिच्यात ते पुढे होते. 1975 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या गिरायपल्लीच्या जंगलात चार तरुण पोलिस ‘चकमकीत’ मारले गेले. 1977 मध्ये तारकुंडे समितीने गावोगाव जबाब घेतले आणि निष्कर्ष काढला : आधी पकडले, मग मारले. सरकारला भार्गव आयोग नेमावा लागला. त्याचे काम अर्धवटच राहिले, ती गोष्ट वेगळी. लक्षात घ्यायचे ते हे, की तारकुंडे रॉयवादी, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे होते. नक्षलवाद्यांच्या बंदुकीशी त्यांचे काडीचेही सूत नव्हते. मेलेल्यांचे राजकारण पटत नसतानाही ते त्यांच्यासाठी गेले. आजच्या काही सत्यशोधन समित्या पीडितांना भेटून, पोलिस ठाण्याची पायरीही न चढता परततात. तो अहवाल नव्हे, पत्रक. पोलिस काही सांगणार नाहीत हे ठाऊक असले, तरी विचारले होते याची नोंद हवी.

नोंदी किती वर्षे जपाव्या लागतात, ते मुंबईने पाहिले आहे. 1995 ते 1997 या काळात शहरात 99 चकमकी झाल्या, सुमारे 135 माणसे मेली. त्यावर पीयूसीएल उच्च न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाचा निकाल 1999 चा, सर्वोच्च न्यायालयाचा थेट 2014 चा. मधल्या काळात ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’वर सिनेमे निघाले, टाळ्या वाजल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालामुळे आता प्रत्येक चकमकीची स्वतंत्र चौकशी बंधनकारक आहे, आणि घटनेपाठोपाठ बढती वा शौर्यपदक देता येत नाही.

जनसुरक्षा विधेयकात बेकायदा ठरवलेल्या संघटनेचे सभासद असणे, तिला वर्गणी देणे हाच गुन्हा आहे. रोख फक्त कडव्या डाव्यांवर आहे, असे सरकार म्हणते. पण कोण कडवा आणि कोण नुसताच कटकट्या, हे आधी सरकारच ठरवणार. म्हणून काही कार्यकर्ते सभासदांची यादीच ठेवू नये, असे म्हणू लागले तर नवल नाही. मला तो सल्ला घातक वाटतो. बिनपावतीची वर्गणी घेणारी संघटना उद्या न्यायालयात हिशेब काय दाखवणार? शंभर रुपये घेतले तरी पावती फाडावी, आणि देणाऱ्याने ती नाव घालून मागावी.